राक्षसिणीचं पोट फाडायचं की नाही

लहान मुलांना गोष्टी सांगायची हौस मला कधीच नव्हती. बायकोने मराठी मंडळाच्या सभेत परस्पर माझं नाव देऊन टाकलं. "ह्यांचा आवाज चांगला आहे," असं ती म्हणाली, आणि मी दर रविवारी सकाळी बंगलोरच्या चिकपेटेत गोष्टी वाचून दाखवणारा काका झालो.

नागपूरहून बदली होऊन आम्ही बंगलोरला आलो त्याला दोन वर्षं झाली होती. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. पुण्या-मुंबईकडची कॉम्प्युटरवाली तरुण जोडपी तेव्हा नुकती इकडे येऊ लागली होती, आणि पोरांचं मराठी सुटतंय ही काळजी त्यांना येताच लागायची. मंडळाचे अध्यक्ष मात्र इथलेच, कित्येक पिढ्यांचे. साड्यांच्या ठोक दुकानावरची माडी त्यांनी रविवारी आम्हाला दिली होती. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

पहिल्या रविवारी मी घरातलं एक जुनं, कव्हर गेलेलं लोककथांचं पुस्तक घेऊन गेलो. बारा-तेरा मुलं सतरंजीवर बसली होती. गोष्ट अशी होती: सहा भाऊ आणि त्यांची एक बहीण घरी एकटी असतात. राक्षसीण येते आणि सहाही भावांना गिळते. बहीण कणगीत लपलेली असते. राक्षसीण झोपल्यावर ती विळ्याने तिचं पोट फाडते, भावांना बाहेर काढते, पोटात धोंडे भरून शिवून टाकते. राक्षसीण तहान लागली म्हणून विहिरीवर जाते आणि धोंड्यांच्या वजनाने आत पडते. मुलं खूश झाली. मीही जरा खूश झालो.

पुढच्या रविवारी मी जिना चढतो तोच एक बाई वाट अडवून उभ्या. मूळच्या पुण्याच्या, इंदिरानगरला राहणाऱ्या. त्यांची पाच वर्षांची मुलगी माझ्या श्रोत्यांत होती.

"अहो, काय वाचलंत तुम्ही मुलांपुढे? पोट फाडलं म्हणे!"

"विळ्याने," मी म्हणालो. उगाच जादा माहिती पुरवायची खोड मला लहानपणापासून आहे.

"विळ्याने!"

"घाबरली का ती?"

"घाबरली असती तर एक वेळ समजू शकले असते. दोन दिवस बाहुलीचं पोट कापून त्यात खडे भरत बसली होती. आनंदाने!"

अण्णा दुकानातून वर आले. त्यांना भांडण कसलं आहे ते कळायच्या आधीच मिटवायची घाई असे. "सरी, सरी, बरं, बरं. भांडू नका की. स्वल्प बदलून टाका गोष्ट, झालं."

बदलून आणायचं काम बाईंनीच अंगावर घेतलं. पुढच्या रविवारी त्यांनी स्वच्छ टाइप केलेली दोन पानं माझ्या हातात दिली. राक्षसीण जाऊन तिथे एक रागीट मावशी आली होती. ती कोणाला गिळत नव्हती. भाऊ दंगा करतात म्हणून त्यांना खोलीत कोंडून बाहेरून कडी घालत होती. बहीण "सॉरी मावशी" म्हणते, मावशी दार उघडते, सगळे मिळून लाडू खातात. संपलं.

मी वाचलं. वाद घालण्यापेक्षा वाचणं सोपं होतं.

"खोलीत दिवा होता का?" एकाने विचारलं.

पानांवर दिव्याचं काही नव्हतं. "होता," मी म्हणालो.

"करंट गेला तर?"

"मेणबत्ती होती."

"शू लागली तर?"

"मावशी बाहेर गेली आणि कडी काढायला विसरली तर?"

गिळलेल्या भावांबद्दल एकाही पोराने एक शब्द विचारला नव्हता. कोंडलेल्यांसाठी मला खिडकी काढावी लागली, खिडकीतून उप्पिट द्यावं लागलं, शेवटी खोलीत एक संडासही बांधावा लागला. दोन पानांच्या गोष्टीला पाऊण तास लागला आणि माझा घसा बसला.

त्याच्या पुढच्या रविवारी बाई पुन्हा जिन्यात.

"आमची मुलगी बाथरूमचं दार लावू देत नाहीये. मावशी येऊन बाहेरून कडी घालेल म्हणते. माझी सख्खी बहीण पुण्याहून राहायला आलीय, तिच्या जवळसुद्धा जात नाही! काय वाचलंत तुम्ही?"

"तुम्ही दिलेलंच."

"मग वाचताना आवाज काढले असतील."

माझा संयम तिथे सुटला. ती दोन पानं मी त्यांच्या पुढ्यात धरली. "बाई, राक्षसीण कोणाच्या घरी येत नाही हे पोरांना पक्कं ठाऊक असतं. मावशी येते! आणि कडी प्रत्येक दाराला असते! आता तुम्हीच बसा तिथे आणि तुम्हीच वाचा. मी चाललो."

अण्णा "सरी, सरी" करत मध्ये आले. तेवढ्यात ती मुलगी आईच्या मागून पुढे आली.

"काका, मावशीचं पोट कधी फाडणार?"

"अगं, ही वेगळी गोष्ट," आई म्हणाली. "ह्या गोष्टीत सगळे लाडू खातात."

"मग लाडू खाऊन मावशी कुठे गेली?"

आईने माझ्या हातातली पानं घेऊन शेवट पुन्हा वाचला. मावशी कुठे गेली ते त्यात नव्हतं.

"ती अजून तिथेच आहे ना," मुलगी म्हणाली आणि तिने आईचा हात घट्ट धरला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. राग अजून होताच, पण आवाज खाली आला होता. "वाचा तुमची ती. पण विळा नको."

"मग कशाने फाडू?"

"कात्री चालेल?"

"कात्री खाली दुकानात आहे," अण्णा मदत करायला म्हणाले.

"विळाच," मुलगी म्हणाली.

मी मूळ गोष्ट पहिल्यापासून वाचली. आई या वेळी सतरंजीच्या कडेला बसली होती आणि पोट फाडताना तिने डोळे मिटून घेतले. मुलगी बाहेर येणारे भाऊ बोटांवर मोजत होती. सहा भरल्यावर तिने मान डोलावली. राक्षसीण विहिरीत पडली तेव्हा सगळ्या पोरांनी मिळून 'डुबुक' केलं. ते ऐकून खालून दुकानातला माणूस काय पडलं ते बघायला वर आला. आठवड्याभराने कळलं की बाथरूमच्या कडीची भीती गेली होती आणि मावशीशी सलोखा झाला होता.

बाईंना हे पटलं असं मात्र समजू नका. त्यांनी नियम काढला की गोष्ट कोणती ते मी आधी फोनवर कळवायचं. मी चरफडत कळवत राहिलो. त्या चरफडत ऐकत राहिल्या. पण एकदा त्याच फोनवर, इकडची तिकडची हरकत घेऊन झाल्यावर, त्यांनी हळूच विचारलं, "ती राक्षसीण विहिरीतून परत तर येत नाही ना, पुढच्या कुठल्या गोष्टीत?"

"नाही," मी म्हणालो. "मेली ती."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.