बिरूआण्णांचा उंदीर

मशीनचा बिघाड सापडला की बिरूआण्णा मिस्त्री तो मालकाच्या तळहातावर ठेवत. वायरीचा बोटभर तुकडा, गंजलेली पिन, जे असेल ते. आधी हात पुढे करायला लावत आणि मग म्हणत, "धरा. हे तुमचं पाप. मशीनला शिव्या देऊ नगा." महाबळेश्वरच्या एका मालकानं दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरची थेट प्लगाच्या वायरींना बांधली होती. रस आत उतरला, पिना गंजल्या आणि पोकलेन बंद पडलं. आण्णांनी ते सुकलेलं लिंबू चार माणसांदेखत त्याच्या हातात दिलं. "नजर न्हाई लागली मालक, तुमचं लिंबूच लागलं!" हा किस्सा मला आमच्या महादू ऑपरेटरनं सांगितला, तेव्हाच मी ठरवलं होतं की या माणसाला आपल्या दारात आणायचं नाही.

पण आणावंच लागलं. आमच्या ह्यांनी जुनं पोकलेन घेतलं आणि सहा महिन्यांत हे गेले. हार्ट अटॅक, बसल्या जागी. रहिमतपुरातले लोक म्हणाले, विकून टाका, बाईमाणसाचं काम नव्हे ते. मी म्हटलं, का विकू? ह्यांनी हौसेनं घेतलेली शेवटची वस्तू ती. विहिरी, शेततळी, मिळेल ते काम घेत मी आणि महादूनं ते चालवलं. मग उन्हाळ्यात मशीनला खोड लागली. चालता चालता स्क्रीनवर लाल दिवा यायचा, इंजिन मलूल व्हायचं, बादली हवेत तशीच. दोन मिस्त्री येऊन गेले. एकानं स्क्रीन बदलली. दुसरा म्हणाला, भंगारात घाला. कालव्याचा ठेकेदार म्हणाला, सोमवारपर्यंत नीट झालं तर ठीक, नाहीतर दुसरं मशीन लावतो. ते काम गेलं असतं तर मशीन ठेवणं मला झेपलंच नसतं.

आण्णा एसटीनं आले, थेट कवठे महांकाळहून. वडील मेंढरं राखायचे, आण्णा स्वतः फौजेत वायरलेसवर होते. खांद्याला फौजेची पिशवी, तीत मीटर आणि स्वतःची भाकरी. मी जेवायला वाढते म्हटलं, तर म्हणाले, "नगं ताई. दुसऱ्याच्या हातचं खाल्लं की मग घरी गेल्यावर लय जड जातं." बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

त्यांनी मला मशीनजवळच उभं केलं. "मालकानं बगायचं. मागनं म्हनायचं न्हाई काय केलं म्हनून." इंजिनचा डबा आणि पंपाचा डबा दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात, तारांना कायम पीळ असतो, तो सुटला की बाहेरचा गोंगाट आत शिरतो, हे सगळं त्यांनी मला शाळेतल्या पोरीला सांगावं तसं सांगितलं. तारांच्या दोन टोकांना दोन रेझिस्टर, आण्णांच्या भाषेत राखणदार. दोघं जागेवर असले की मीटर साठ ओहम दाखवतो. एक गेला की एकशेवीस.

"आकडा वाढला म्हंजे बरं न्हवं ताई. जोडीचा गेला की आकडा वाढतो." मग मीटरकडे बघतच म्हणाले, "माज्या घरी एकशेवीसच हाय."

माझ्या घरीही तेव्हा तोच आकडा होता.

आमच्या मशीनचा साठच आला, म्हणजे दोघं राखणदार जागेवर. मग ते केबिनमध्ये बसले आणि महादूला मशीन फिरवायला लावलं. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. दोन तास. डावीकडे झटका बसला की लाल दिवा लागायचा. त्यांचं लक्ष स्क्रीनशेजारच्या खांबावर गेलं. तिथं ह्यांचा फोटो होता.

"कुनी लावला?"

"मीच. स्वतः ड्रिल मारून. मशीनवर मालक नको का?"

आण्णांनी फोटोच्या स्क्रूवर बोट ठेवलं. मग एकदम म्हणाले, "ताई, चहा करून आना जावा. महादू ऱ्हाऊ दे हितंच."

मी चहा घेऊन आले, तर मशीन डावीकडे गरगर फिरत होतं. दिवा नाही, काही नाही. फोटो मात्र चार बोटं वर सरकला होता.

"हे काय?"

"मालक मानूस. जरा वरच असावा. आनि बिघाड म्हनाल तर उंदीर. वायर कुरतडली हुती."

"मग द्या की तुकडा हातात! सगळ्यांना देता."

"उंदरानंच न्हेला."

मी हसले. हे गेल्यानंतर पहिल्यांदा.

कालव्याचं काम मिळालं. पुढं दर महिन्याला आण्णांचा फोन यायचा. "मशीन बोलतंय न्हवं?" बोलतंय, आण्णा. "उंदीर?" नाही, आण्णा. संपलं बोलणं, तरी फोन ठेवत नसत. माळावरचा वारा ऐकू यायचा. मीही ठेवत नसे. एका महिन्यात फोन आला नाही, म्हणून मी केला. त्यांच्या पुतण्यानं उचलला. म्हणाला, आत्या, दहावा पण झाला.

यंदा माझे गुडघे संपले, मशीन विकलं. घेणाऱ्याचा मिस्त्री खांबाचं आवरण काढून बघत होता. "जोड झकास दिलाय हो. पन कोन येडं हुतं? बराबर तारंवरच स्क्रू मारला हुता!"

मी पुढं होऊन पाहिलं. जुनं भोक बुजवलेलं होतं, फोटोच्या चार बोटं खाली. महादू मान खाली घालून उभा.

"तुला ठाऊक होतं?"

"आण्णानं बिरोबाची आन घातली हुती. म्हनले, ताईला कळलं तर ती फोटोच काढून ठिवंल. आनि मग त्या केबिनकडं बगनारच न्हाई."

अगदी तेच केलं असतं मी. एवढं मला ओळखणारं माणूस दर महिन्याला फोन करत होतं, आणि मी त्याला उंदरांचा हिशेब देत होते!

फोटो मीच काढला. स्क्रू तोच होता, माझाच. मशीन ट्रेलरवर चढून निघून गेलं, तरी मी तो तळहातावर घेऊन उभी होते. मग फोन काढला आणि आण्णांचा नंबर लावला. लागणार नाही हे ठाऊक होतं. पण तुमचा तुकडा मिळाला, आण्णा, एवढं तरी कुणाला सांगायचं?