रेडिओआत्या आणि थिजणारा ट्रक

“आधी मला घर सांगा, यंत्र मी मागून बघते.”

दारात चपला काढता काढता रेडिओआत्या हे वाक्य म्हणायचीच. नवख्या माणसाला नवल वाटे. बिघडलंय यंत्र, आणि ही बाई विचारतेय की ऊन कुठल्या खिडकीतून येतं, दुपारी कोण झोपतं, लादी कधी पुसता. पण घरानं जे सांगितलं त्यातूनच ती बिघाड हुडकून काढी. तिच्या वडिलांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. तिथल्या बाकाखाली बसून ती लहानाची मोठी झाली. पुढे रेडिओ गेले, टीव्ही आले, टीव्हीच्या मागोमाग संगणक आले. आत्या प्रत्येक नव्या वस्तूपुढे मांडी घालून बसली आणि तिला उघडून, जोडून, पुन्हा उघडून शिकली. नाव मात्र रेडिओचंच चिकटलं, ते निघालं नाही.

शिवणकाम करणाऱ्या वहिनींनी तिला बोलावलं ते थंडीच्या दिवसांत. वहिनींच्या नवऱ्यानं तीस वर्षं ट्रक चालवला होता. मग अर्धांगवायूनं उजवी बाजू लुळी पडली आणि त्या माणसाचं बोलणंच आटलं. मुलगा नोकरीसाठी परगावी जाताना आपला गेमचा संगणक बापासाठी ठेवून गेला. संगणकाला खऱ्यासारखं स्टिअरिंग जोडलं, शेजारी गिअरचा दांडा बसवला आणि ट्रक चालवायचा गेम टाकून दिला. सहा महिन्यांत उजवा हात गिअरपर्यंत पोचू लागला. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आमच्या व्यायामाच्याही वरताण आहे हे. घाट उतरताना ड्रायव्हरसाहेब पुन्हा पुढच्या गाड्यांना शिव्या घालू लागले, आणि त्या शिव्या ऐकताना मशीनवर वाकलेल्या वहिनींचे डोळे भरून येत.

आणि दोन महिन्यांपासून ट्रक थिजायला लागला. घाटाच्या मध्यावर पडदा जागच्या जागी थांबे, आवाज भुंग्यासारखा एका सुरात घुमत राही, काही केल्या हलत नसे. कधी दिवसातून चारदा, कधी दोन दिवस एकदाही नाही.

मुलानं फोनवरून नाना उपाय सांगितले. एकदा म्हणाला, “आई, ड्रायव्हर बदलून बघ.”

“तुझ्या बापाला आता या वयात कुठं बदलू?” वहिनी म्हणाल्या. संगणकातल्या एका प्रोग्रॅमलाही ड्रायव्हर म्हणतात हे त्यांना मागाहून कळलं. मग मायलेक फोनवर खूप हसली. ड्रायव्हरसाहेब हसले नाहीत.

चार दिवसांनी ते म्हणाले, “देऊन टाक कुणाला तरी. माझ्या हातानंच होतंय ते.” आणि त्यांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली. वहिनींना ती पाठ बघवेना.

आत्या आली, तिनं संगणकाचा डबा उघडला. ब्रशानं धूळ झाडली, पंखे फिरतात का पाहिलं, मेमरीच्या पट्ट्या काढून, पुसून पुन्हा घट्ट बसवल्या. दोन तास ट्रक सुरळीत धावला. आत्या घरी पोचते न पोचते तोच वहिनींचा फोन, “थिजला!” दुसऱ्या खेपेला तिनं स्वतःकडची मेमरी घालून पाहिली, तापमान मोजलं. तरी तेच.

“मी हरले असं समजू नका,” आत्या चष्म्याची दोरी सारखी करत म्हणाली. “घरानं मला अजून सगळं सांगितलेलं नाही. वहिनी, तुमची मापांची वही आहे ना? तिच्या मागच्या पानांवर लिहीत जा. थिजला की वेळ लिहायची. त्याआधी कोण उठलं, कोण बसलं, कुणी काय उचललं, हवा कशी होती, सगळं. क्षुल्लक म्हणून काही सोडायचं नाही.”

“त्यानं काय होणार?” खिडकीकडे तोंड केलेल्या पाठीनं विचारलं.

“होईल ते होईल. पण ट्रक चालवायचा तुम्हीच. आठ दिवस. नंतर खुशाल देऊन टाका.”

आठ दिवस वहिनींनी एका डोळ्यानं शिलाई पाहिली आणि दुसऱ्यानं नवऱ्याला. आत्या परत आली आणि खाली बसून ती वही मोठ्यानं वाचू लागली.

“मंगळवार, सव्वाचार. पाणी प्यायला उठले. परत बसले. गिअर टाकला. थिजला. बुधवार, साडेअकरा. दार वाजलं म्हणून उठले. परत आले, गिअर धरला. थिजला. गुरुवार. सकाळपासून भुरभुर पाऊस. एकदाही नाही. शुक्रवार, पुन्हा कोरडी थंडी. सकाळी स्वेटर काढला, गिअरला हात लागला. थिजला…”

आत्या थांबली. ती वहीकडे बघत नव्हती. खुर्चीकडे बघत होती. मग तिची नजर वायरीवरून सरकत शिलाई मशीनच्या टेबलाखाली गेली.

“ड्रायव्हरसाहेब,” तिनं हळूच विचारलं, “गिअरला हात लावताना बोटाला काही होतं का?”

वहिनींनी मशीनवरचा पाय काढला.

“अहो, त्या विचारतायत.”

“होतं,” ते अखेर म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता. “सुई टोचल्यासारखं होतं. मग मुंग्या येतात. त्याच हाताला.” जरा थांबून म्हणाले, “मागच्या वेळी सुरुवात अशीच झाली होती. बोटांपासून. मला वाटलं, आलं परत. तुला कशाला सांगू? तू पुन्हा रात्रंदिवस माझ्या उशाशी बसणार.”

वहिनींच्या हातातली कात्री टेबलावर पडली. दोन महिने हा माणूस दर वेळी गिअरला हात लावताना मरणाला हात लावत होता, आणि आपण पडद्याकडे बघत होतो!

आत्या मात्र उठली. “सरका,” म्हणाली. त्यांना हाताला धरून उठवलं, त्यांचा लोकरीचा स्वेटर मागून घेऊन स्वतः चढवला आणि खुर्चीत बसली. दोनदा मागेपुढे सरकली, अंग घासलं, उठून परत बसली आणि गिअरच्या लोखंडी दांड्याकडे बोट नेलं.

चट्!

“आई गं!” आत्यानं बोट तोंडात घातलं. पडद्यावरचा ट्रक वळणावर थिजून उभा होता. “मलाही टोचलं! काय हो, मलाही अर्धांगवायू झाला का?”

ड्रायव्हरसाहेब बघतच राहिले. त्यांनी आत्याच्या बोटाकडे पाहिलं, मग आपल्या. मग पोटातून असे हसले की भिंतीला टेकावं लागलं, आणि हसता हसता गालांवरून पाणी ओघळलं ते पुसायचंही भान राहिलं नाही.

मग आत्यानं समजावलं. खुर्चीची खोळ अस्तराच्या चकचकीत नायलॉनची, वरून लोकर घासते, हवा कोरडी. अंगात वीज साठते आणि लोखंडाला हात लागला की ठिणगी पडते. ती जमिनीत जायला हवी. पण संगणक जोडलाय मशीनच्या जुन्या बोर्डाला, आणि त्या बोर्डाला अर्थिंगची तारच नाही. बिचारी ठिणगी जाणार कुठं? यंत्रात शिरते आणि ते भांबावतं.

वहिनींचा चेहरा उतरला. खोळ त्यांनीच शिवली होती, ड्रायव्हरसाहेबांना बसायला मऊ लागावं म्हणून. संगणकही त्यांनीच मशीनजवळ ओढून आणला होता, काम करताना नवरा डोळ्यांसमोर राहावा म्हणून.

“म्हणजे सगळं मीच केलं.”

“चोरही तुम्हीच आणि पोलीसही तुम्हीच,” आत्या म्हणाली. “ही वही नसती तर मी वर्षभर त्या डब्याचे स्क्रू काढत बसले असते. यांचा हात धड आहे हे मी नाही शोधलं, वहिनी. तुमच्या अक्षरानं शोधलं.”

तिनं समोरच्या भिंतीवरच्या तीन पिनांच्या सॉकेटचं अर्थिंग तपासलं आणि तिथून संगणकापर्यंत नवी तार ओढली. वहिनींनी नायलॉनची खोळ उसवून सुती चादरीची घातली. मग ड्रायव्हरसाहेब बसले. हात गिअरजवळ नेला आणि अर्ध्यावर थांबवला. हात पुढे गेला. गिअर पडला. ट्रकनं घाट धरला.

तासभर दोघी बायका जागच्या हलल्या नाहीत. ड्रायव्हरसाहेब मात्र पाचदा उठले, पाचदा बसले. ट्रक चालतच राहिला.

“आत्याबाई,” ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, “माझ्या ट्रकमध्ये तुमची जागा कायम राखीव.”

“मला ट्रक लागतो,” आत्या म्हणाली आणि पिशवी खांद्याला अडकवली.

वहिनींना खूप काही बोलायचं होतं, तोंडून एवढंच निघालं, “आत्या, सावकाश जा.”

ती जिना उतरली, गल्लीत आली आणि आपल्या संथ चालीनं निघाली. वहिनी खिडकीशी उभ्या राहिल्या. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ड्रायव्हरसाहेबांनी चालू ट्रक मध्येच उभा केला होता आणि भिंत धरत धरत ते खिडकीपर्यंत आले होते. त्यांनी आपली उजवी बोटं वहिनींच्या मनगटावर ठेवली. आत्या कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी होईपर्यंत दोघं तिच्या पाठीकडे बघत उभी होती.