भिजत घातलेली टाचणी

मास्तरांचे धंदे दोन होते आणि दोन्हीकडे त्यांना मास्तरच म्हणत. दिवसभर ते कपडे शिवायचे आणि संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून क्लबच्या मुलींना बास्केटबॉल शिकवायला जायचे. पहिल्या धंद्यावर घर चालायचं, दुसऱ्यावर मास्तर.

गळ्यातली टेप मात्र दोन्हीकडे तीच. कोर्टवर जाताना ती काढून ठेवायची असते हे त्यांना कधी सुचलंच नाही. घाईघाईत शिट्टीऐवजी टेपचं टोक तोंडात धरून ते जोरात फुंकायचे आणि मग शिट्टी बिघडली म्हणून कुरकुरायचे. पोरी खेळायच्या थांबून पोट धरून हसायच्या.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराशी कापायचं टेबल, मागे दोन मशीन आणि भिंतीला टांगलेले अर्धवट कोट. मास्तरांच्या लेखी माणूस वेगळा आणि त्याचा कपडा वेगळा असा भेदच नव्हता. "वकिलाला कमरेत आत घे," "बँकेच्या साहेबाला खाली सोड," "हेडमास्तरांना पाठीत उसव," असे हुकूम ते कात्री चालवता चालवता सोडायचे आणि दुसऱ्या मशीनवरची त्यांची बायको मान वर न करता ते पाळायची. तिला सगळा क्लब काकू म्हणायचा. एकदा खुद्द हेडमास्तरच दारात उभे होते. आपल्याला पाठीत उसवायचा हुकूम ऐकून ते आल्या पावली परत गेले.

मास्तरांचा धंद्यातला एक नियम पक्का होता. कापड आलं की लगेच कात्री लावायची नाही. आधी बादलीत भिजत घालायचं. आटायचं तेवढं आटू दे, रंग सोडायचा तर सोडू दे, मग काय ते बघू. घाईने शिवलेली पँट पहिल्या धुण्यात घोट्याच्या वर जाते आणि गिऱ्हाईक आपल्या डोक्यावर बसतं, असं ते शिकाऊ पोरांना बजावायचे.

हाच नियम त्यांनी कोर्टवर नेला, आणि तिथे घोळ झाला. नवी मुलगी संघात आली की तिला बाकावर बसवायची. बसू दे, बघू दे, भिजू दे. पोरींनी बाकाचं नावच 'बादली' ठेवलं होतं. "काय गं, निवड झाली का?" असं घरी कोणी विचारलं तर नवी मुलगी सांगायची, "झाली, पण अजून बादलीत आहे."

सध्या बादलीत टाचणी होती. हे नाव मास्तरांनीच ठेवलेलं. अंगाने काडी, डोकं गोल आणि कुठेही शिरायची खोड. सरावात ती तीन मोठ्या मुलींच्या मधून बॉल घेऊन निघायची आणि कोणाला टोचली ते नंतर कळायचं. गुण सगळ्यांना दिसत होते, मास्तरांनाही दिसत होते. पण सामना आला की मास्तर म्हणायचे, "भिजू दे अजून."

आणि कोर्टवर कोण? ताई. संघाची कप्तान. शाळेचा गणवेश घालून आली तेव्हापासून ती मास्तरांकडे खेळत होती. आता ती दातांच्या दवाखान्यात नोकरी करायची, तिला दोन मुलं होती आणि उजव्या गुडघ्याला पट्टा. तरी पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत मैदानात तीच. मास्तरांना स्वतःची मुलगी नव्हती. असती तर तिने ताईचा हेवाच केला असता.

उपांत्य सामन्याच्या दिवशी सकाळी काकूने मशीन थांबवलं. काकू मशीन थांबवून बोलायला लागली की मास्तर कात्री खाली ठेवायचे.

"टाचणी आली होती काल. पुलापलीकडच्या क्लबाने तिला बोलावलंय. आज तुम्ही खेळवलं नाही तर उद्या सही करून येणार म्हणाली."

"म्हणजे धमकी?"

"धमकी कसली. पोर रडत होती. तुमच्यासमोर कशी येणार, म्हणून माझ्याकडे आली."

मास्तरांनी खडूने कापडावर एक रेघ मारली, पुसली आणि परत तिथेच मारली. "कोवळी आहे. मोठ्या सामन्यात चुकली तर मनात भीती बसेल. जरा भिजू..."

"अहो, भिजत घालायचं ते कापडाला!" काकू म्हणाली. "टाचणी भिजत घातली तर गंजते."

अडचणीत सापडले की मास्तर इस्त्री गरम करायला घ्यायचे. त्या दिवशी इस्त्री फारच तापली.

संध्याकाळी क्रीडागृहात लाकडी फरशीवर बुटांचा चीं चीं आवाज, वरच्या गॅलरीत घरची माणसं, आणि बाकावर ओळीने मास्तर, काकू आणि बादलीतल्या पोरी. काकू संघाची व्यवस्थापक होती, म्हणजे पाण्याच्या बाटल्या, मलम, जास्तीच्या नाड्या आणि मास्तर यांच्याकडे लक्ष ठेवणं हे तिचं काम.

पहिला निम्मा खेळ बरा गेला. मग ताई मागे पडायला लागली. समोरच्या पोरी धावत पुढे जायच्या आणि ताई मधल्या रेषेवर गुडघ्यावर हात टेकून उभी दिसायची. मास्तर दोनदा उभे राहिले. दोनदा त्यांनी टाचणीकडे बघितलं, ताईकडे बघितलं आणि दोन्ही वेळा खाली बसले. चांगली आठ गुणांची आघाडी विरघळून गेली आणि संघ चारने मागे पडला, तरी मास्तर चिकटवल्यासारखे बाकावर. टाचणी मात्र बसेना. प्रत्येक चुकलेल्या पासला ती उठून ओरडत होती, आणि उठली की तिच्या अंगातली जर्सी पोत्यासारखी हलत होती. जर्सी ताईची जुनी. तिच्यात दोन टाचण्या मावल्या असत्या.

आता शिंप्याचा डोळा तो. घराला आग लागली तरी त्याला आधी पडद्याची शिवण वाकडी दिसणार. डोळ्यांसमोर ते फडफडणं मास्तरांना सहन होईना. कोर्टवरची नजर न काढता ते करवादले, "अगं, हिला आत घे!"

दुकानात हे वाक्य दिवसातून शंभरदा ऐकणाऱ्या काकूने एकदा टाचणीकडे बघितलं, एकदा कोर्टकडे, आणि अगदी साळसूदपणे विचारलं, "आत घेऊ म्हणता? नक्की?"

"घे म्हटलं ना! किती दिवस असं लोंबकळत ठेवायचं?"

काकूच्या पर्समध्ये सेफ्टी पिना होत्या. पर्स तिने उघडली नाही. टाचणीच्या पाठीत एक धपाटा घालून ती म्हणाली, "ऐकलंस ना? पळ टेबलाकडे. सांग, ताईच्या जागी."

टाचणी गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलापाशी कधी पोचली हे मास्तरांना दिसलंच नाही. भोंगा वाजला, पंचांनी हाताने बोलावलं आणि ताईला टाचणी दिसली. ताई जी निघाली ती थेट बाकापर्यंत. त्या सामन्यात एवढ्या वेगाने ती आधी एकदाही पळाली नव्हती.

"हे काय? हिला कोणी पाठवलं?" मास्तर ताडकन उठले.

"तुम्हीच की. आत घे म्हणालात."

"अगं, मी शर्टाचं म्हणत होतो!"

"मग शर्टासकट घेतलं," काकू म्हणाली आणि तिने ताईला पाण्याची बाटली दिली.

कोर्टवर टाचणीने पहिलाच पास नेमका समोरच्या संघाच्या हातात नेऊन दिला. एखाद्या पाहुण्याला द्यावा इतक्या अदबीने. गॅलरीतून 'अरेरे' आलं. समोरच्यांची आघाडी सहाची झाली.

"बघ! हेच म्हणत होतो मी!" मास्तर टेबलाकडे निघाले, पण दोन पावलांवरच अडकले. मागून गळ्यातली टेप ताणली गेली होती. दुसरं टोक ताईच्या मुठीत होतं.

"बसा, मास्तर."

"अगं, सोड. तुला परत पाठवतो."

"नका पाठवू मला!" ताई एवढ्या कळवळून म्हणाली की मास्तर खरंच बसले. तिने पट्टा सोडला. गुडघा खरबुजासारखा सुजला होता. "आहाहा. किती बरं वाटतंय बसायला. आधी का नाही बसवलंत हो?"

"तू बोलली का नाहीस मग?"

"काय बोलणार? गेल्या वर्षी सरावात एकदा म्हणाले, थोडी बसू का, तर तुमचं तोंड असं झालं की जशी काही मी सासरी निघालेय. दोन दिवस दुकानात कोणाशी बोलला नाहीत. काकूंनी सांगितलं मला. मग म्हटलं, खेचू, जमेल तेवढं."

मास्तरांनी काकूकडे बघितलं. काकू कोर्टकडे बघत होती, म्हणजे सगळं ऐकत होती.

"मला वाटायचं," मास्तर म्हणाले, "तुला बसवलं तर तू म्हणशील, मास्तरांना आता माझी गरज उरली नाही."

"आणि मला वाटायचं, मी बसले तर तुम्ही तेच म्हणाल," ताई म्हणाली. "दोघांनी मिळून माझ्या गुडघ्याची वाट लावली की!"

मास्तर हसले नाहीत. त्यांनी वाकून बर्फाची पिशवी उचलली, स्वतःच्या हाताने तिच्या गुडघ्यावर धरली आणि सामना संपेपर्यंत काढली नाही. त्यामुळे त्यांना उठताच येईना, आणि उठता न आल्यामुळे टाचणी आत राहिली.

ती आत राहिली आणि हळूहळू टोचायला लागली. एकदा समोरच्या उंच मुलीच्या हातातून बॉल असा काढला की ती मुलगी रिकाम्या हाताकडे बघत राहिली. एकदा तिघींच्या मधून. एकदा पडली, उठली आणि पडतापडता दिलेल्या पासवर बास्केट झालं. "कोपर! कोपर!" मास्तर बसल्या जागेवरून बोंबलत होते. संघ एकाने मागे असताना शेवटचा बॉल टाचणीच्याच हातात आला. तिने मारला. बॉल रिंगच्या कडेवर नाचला, विचार केल्यासारखा थांबला आणि बाहेर पडला.

हरले.

हात मिळवून झाल्यावर टाचणी मास्तरांसमोर येऊन उभी राहिली. जर्सी घामाने अंगाला चिकटली होती, त्यामुळे प्रथमच मापात दिसत होती. काकूने नवऱ्याकडे बघितलं. 'मी सांगितलं होतं' म्हणायची एवढी सुंदर संधी त्यांना आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती.

"शेवटचा बॉल कुणाला द्यायला बघत होतीस?" मास्तरांनी विचारलं.

"ताईला. सवयीने. मग आठवलं, ताई नाहीये."

"तेवढ्यात उशीर झाला. आणि कोपर बाहेर गेलं. उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी कोर्टवर ये. कोपर सरळ करू."

टाचणी बुटाकडे बघत म्हणाली, "उद्या सकाळी मला तिकडे बोलावलंय, मास्तर."

क्रीडागृहातली माणसं जिन्याने उतरत होती, कोणीतरी खुर्च्या आवरत होतं. मास्तरांनी आयुष्यात कोणाची मनधरणी केली नव्हती; गिऱ्हाईक रुसलं तरी ते म्हणायचे, जा, दुसरीकडे शिव. आता त्यांनी टेप गळ्यातून काढली, बोटाभोवती गुंडाळली, पुन्हा सोडली.

"जाऊ नकोस," ते म्हणाले. "तुला बसवलं त्यात तुझं काही कमी नव्हतं. माझंच... ताईला बसवायचं मला जमलं नाही."

टाचणीला हे सगळं कळलं असेल असं नाही. तिने व्यवहाराचं विचारलं. "मग पुढच्या सामन्याला सुरुवातीपासून?"

मास्तरांनी ताईकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघताय?" ताई एका पायावर उभी राहत म्हणाली. "मी तुमच्या शेजारी बसणार. कोणीतरी धरून ठेवायला नको का तुम्हाला?"

"सुरुवातीपासून," मास्तर म्हणाले, आणि कोणी तोंड बघू नये म्हणून बॉल गोळा करायला लागले.

बाहेर फाटकापाशी टाचणीचे वडील स्कूटर चालू ठेवून उभे होते. हरलेल्या लेकीला काय म्हणावं हे त्यांनी वाटेत ठरवून ठेवलं असावं, पण तिने बोलूच दिलं नाही.

"बाबा, उद्या तिकडे नाही जायचं."

"का गं? मास्तर काय म्हणाले?"

"माझं कोपर वाकडं आहे म्हणाले!" टाचणी आनंदाने ओरडली आणि टुणकन मागे बसली.

वडिलांनी बराच वेळ तिच्या कोपराकडे बघितलं. मग त्यांनी स्कूटर वळवली. दारात बॉलची जाळी खांद्यावर घेऊन उभे असलेले मास्तर त्यांच्या मागून ओरडले, "सकाळी लवकर! आणि उशिरा आलीस तर..."

पुढचं स्कूटरच्या आवाजात बुडालं. काकू म्हणाली, "चला, ती येईल."