रुमालाखालची पाच बोटं

फाट्यावरच्या औषध दुकानदारानं मला फसवलं. मी मागितलं तेवढंच त्यानं न अडवता दिलं, हीच त्याची फसवणूक.

मी आणि माझा थोरला भाऊ शेळ्यांचे व्यापारी. घाटनांदूरकडचे बाजार आम्ही पायी हिंडून कमावले. आमच्यात भाव तोंडानं सांगत नाहीत. रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबायची. जितकी बोटं तितका आकडा. हे मला भावानंच शिकवलं.

दर थंडीत त्याची छाती भरायची. एकदा डॉक्टरनं पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या. मी दुकानात म्हणालो, "दोन दिवसाच्याच दे."

दुकानदार हसला. "शेठ, इथं बी घासाघीस?" आणि कात्रीनं पाकीट कापलं.

दोन दिवसांत खोकला दबला. मला वाटलं, जिंकलो. पुढं चिठ्ठीही नेईनासा झालो. खोकला आला की त्याच गोळ्या, दोनच दिवस.

भाऊ म्हणायचा, "पुरत्या गोळ्या काहून आणत न्हाईस बे?"

"बरा झालास न्हवं, दादा?"

मागच्या थंडीत त्याला न्यूमोनिया झाला. अंबाजोगाईला नेलं. घशात नळी घातली. बेडक्याच्या तपासणीचा कागद आला तेव्हा डॉक्टरबाई त्यावरच्या औषधांवरून बोट फिरवत गेल्या. या जंतूंवर हे चालत नाही. हेही नाही. आमची गोळी सगळ्यात वर होती.

"अर्धवट औषधानं चिवट जंतू मागं उरतात, वाढतात," त्या म्हणाल्या. "एकाकडून दुसऱ्याकडं जातात. यांना ते कुठून लागले, सांगता येणार नाही."

मी भडकलो. "मग भारीतलं द्या!"

"दिलंय. पण उशीर झालाय."

भावाला बोलता येत नव्हतं. मी चादरीखाली हात घातला. त्यानं माझी पाचही बोटं एकत्र धरून दाबली. मग हात सुटला. दुसऱ्या दिवशी तो गेला.

बायको म्हणते, त्यानं नुसता हात धरला असेल. ती कधी बाजारात उभी राहिलेली नाही.

आता कुणी रुमाल पुढं केला की माझी बोटं आखडतात. मी भाव तोंडानं सांगतो. लोक हसतात.

परवा फाट्यावर गेलो. एक बाई खोकत उभी होती. दोनच दिवसांच्या गोळ्या मागत होती. दुकानदारानं कात्री उचलली. तो कचकन आवाज झाला आणि माझ्या पाची बोटांत कळ गेली.

मी त्याची कात्री धरली. "पाच दिवस कशाला लिहितात, मला ठावं न्हवतं. तुला ठावं होतं. मग त्या दिवशी मला 'न्हाई' काहून म्हणला न्हाईस? जवाब दे."