साहेब आले, गाणं थांबलं

"गाणं संपू तर द्या, अण्णा..."

पस्तीसेक वर्षांपूर्वी, कंधारच्या आमच्या घरात दादा हे बोलला होता. पाहुणे आले की टेप बंद करायचा, हा आमच्याकडचा नियमच. त्या दिवशीही दारात कुणीतरी आलं, वडिलांनी येऊन बटण दाबलं, आणि त्यांच्यापुढे कधी तोंड न उघडणारा माझा मोठा भाऊ एवढं बोलला. गाणं काही संपलं नाही.

ती कॅसेट त्याने लातूरला पॉलिटेक्निकला असताना घेतली होती. एका रॉक गायकाची... कव्हरवर लांब केस, गळ्यात गिटार, डोळे मिटलेले. मला त्यातलं काही कळायचं नाही. पण त्या गाण्याच्या शेवटी एक उंच सूर यायचा आणि तो आला की दादाही डोळे मिटायचा, एवढं आठवतं.

गेल्या आठवड्यात तोच गायक नांदेडला, आमच्या कॉलेजच्या कार्यक्रमाला आला. मी तिथे शिकवते. सूत्रसंचालन वीस वर्षं माझ्याकडेच असतं... आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतंही.

मी लगेच दादाला फोन केला. तो कंधारला ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवतो, दुकान सोडून लग्नाकार्यालाही जात नाही. पण आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, आणि खिशात ती कॅसेट. "सही देतेल का गं ते?" त्याने हळूच विचारलं. "मी हाय ना," मी म्हटलं. त्याच्याशी बोलताना मी अजूनही कंधारचीच होते.

गायक आता पंचाहत्तरीच्या घरात. स्टुलावर बसून गात होते, गुडघ्याला पट्टा, आवाज जागोजागी फाटलेला. तरी मैदानातली पोरं उभी राहून नाचत होती.

अर्ध्या तासाने त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि हिंदीत म्हणाले, पुढचं गाणं मी हल्ली गात नाही, दम पुरत नाही... आज बघतो.

दादाचं गाणं!

मी स्टेजच्या कडेवरून पाहिलं. तिसऱ्या रांगेत दादा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता, शाळेत बसावं तसा. गाणं हळूहळू चढत गेलं. शेवटाकडे आलं तेव्हा गायक स्टुलावरून उठले... एका हाताने स्टँड धरून.

तेवढ्यात माझ्या हातात चिठ्ठी आली. 'साहेब आले. सत्कार लगेच घ्या. त्यांना पुढे जायचंय.'

आपल्याकडच्या कार्यक्रमाला गेलेल्या कुणालाही हे सांगायला नको. साहेब दीड तास उशिरा येतात आणि ते आले की जे चालू असेल ते थांबतं. पण दोन मिनिटं मी थांबू शकले असते. चिठ्ठी मुठीत दाबून उभी राहिले असते, तर कुणी माझी नोकरी काढून घेणार नव्हतं. मी विचारच केला नाही. मी माइक चालू केला आणि माझ्या त्या गोड, सरावलेल्या आवाजात म्हणाले, "क्षणभर थांबू या... आपल्या सर्वांचे लाडके साहेब..."

गिटार थांबली. मग कीबोर्ड. ड्रमवाल्याला कळलं नसावं, तो एकटाच थोडा वेळ वाजवत राहिला. गायकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही... शिक्षा झालेल्या पोराने पाहावं तसं.

शाल, श्रीफळ, फेटा. त्या लांब पांढऱ्या केसांवर फेटा बसेना, म्हणून दोघांनी तो दाबून बांधला. साहेब संस्कृतीवर वीस मिनिटं बोलले. तोवर गायक उभेच. गळ्यात गिटार, हातात नारळ. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, ये जरा पकडेंगी?" मी नारळ धरला. "वो गाना फिर से लेंगे ना, सर?" मी विचारलं. ते हसले. "वो अब नहीं होगा, बेटा."

त्यांनी दुसरं, उडत्या चालीचं गाणं घेतलं. पोरं पुन्हा नाचली. कुणाचं काही बिघडलं नाही. प्राचार्यांनी तर कार्यक्रम संपल्यावर माझं कौतुक केलं... "मॅडम, वेळेचं भान ठेवलंत."

तिसऱ्या रांगेतली खुर्ची रिकामी होती. मी फोन केला तर मागून बसचा आवाज येत होता.

"दादा, अरे सही?"

"ऱ्हाऊ दे."

"दादा, मी ते..."

"तू बोलती मात्र लई चांगलं," तो म्हणाला. टोमणा नव्हता तो. दादाला टोमणे मारता येत नाहीत. टोमणा असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून कॉलेजच्या फेसबुक पोस्टखाली येणारे फोटो बघवत नाहीत. एका फोटोत मी नारळ धरून हसतेय. लोकांनी लिहिलंय, 'किती भाग्यवान!' अण्णांचा मला इतकी वर्षं राग होता... त्यांनी निदान घरातलंच गाणं बंद केलं होतं.

दादा फेसबुकवर नाही, पण त्याची लेक आहे. चिऊ, हे बाबांना वाचून दाखव.

दादा, रविवारी मी कंधारला येते. सहीचं बोलणार नाही, काहीच बोलणार नाही. फक्त दुकानाचं शटर अर्धा तास खाली ओढ आणि ती कॅसेट लाव... ते गाणं, शेवटच्या सुरापर्यंत. तू म्हणशील, "रविवारीच गिऱ्हाईक असतंय गं, ऱ्हाऊ दे." मला माहीत आहे, तू हेच म्हणशील.

तरी मागते. लावशील?