विशाखानं बदललेली नावं

विशाखा गेल्याचा फोन तिच्या धाकट्या भावानं केला तेव्हा मी कॉलेजच्या लायब्ररीत नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होते. "सुमाताई, दीदी गेली," एवढंच तो म्हणाला. तिला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं तेव्हापासूनच हा फोन येणार हे ठाऊक होतं. किडन्या निकामी झाल्या होत्या आणि डॉक्टरांनी आमच्यापासून काही लपवलं नव्हतं. तरीही माझ्या मनात पहिला विचार तिचा आला नाही, हे कबूल करून टाकते. पहिला विचार आला तो कौसल्याबाईंचा. त्या दर पंधरवड्याला लांजीकडून बसनं विशाखाकडे येतात, आता त्या कोणाकडे येणार? मग रडू आलं. आज दीड महिना होतोय. विशाखा रंगारी ही समाजशास्त्राची प्राध्यापक होती, बाहेरगावी कमवायला जाणाऱ्या मजुरांवर तिनं मोठं काम केलं, विद्यार्थ्यांना ती आवडायची, हे सगळं शोकसभेत बोलून झालं. तिला आतून काय खात होतं ते तिथे कोणीच बोललं नाही. मीही नाही. म्हणून हे लिहितेय, आणि कौसल्याबाईंना विचारून त्यांचं खरं नाव लिहितेय.

आम्ही दोघी मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्याच, एकाच वॉर्डातल्या. तिचे आजोबा भंडाऱ्याकडून मँगनीजच्या खाणीवर कामाला आले, माझेही असेच मागेपुढे आले. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि भांडताना दोन्ही, असं आमचं बालपण. शाळेत कोणी "तुम लोग तो महाराष्ट्र के हो" म्हटलं की विशाखा हमरीतुमरीवर यायची. आणि पुढे नागपूरला शिकायला गेलो तर तिथल्या पोरी आम्हाला एमपीवाल्या म्हणायच्या. त्यातूनच आपल्याला स्थलांतराचा विषय सुचला, असं ती चारचौघांत सांगायची. मला ते जरा सजवलेलं वाटायचं. मी तोंडावर म्हणायचे, "विशू, खरं सांग, फुकटात गावं फिराले भेटते म्हणून घेतला ना तू हा इषय?" ती हसायची. "हौ. अन् तू काहून येते मंग माह्यासंग?"

मी जायचे कारण एकटीनं आडगावात जायला तिच्या आईची ना असायची. स्कूटी मी चालवायची, प्रश्न तिनं विचारायचे आणि लिहायचं पुन्हा मीच, कारण तिचं अक्षर तिलाच लागत नसे. किरनापूर, लांजी, परसवाडा, या तिन्ही तहसिलींतली कितीतरी गावं आम्ही अशी पालथी घातली. प्रत्येक अंगणात खाट टाकून मिळायची, चहा मिळायचा आणि विशाखा पाय वर घेऊन घरच्यासारखी बसायची. आमच्याजवळ दोन वह्या असत. एका वहीत माणूस काय बोलला ते, पण त्याला खोटं नाव देऊन. दुसरी हिरव्या पुठ्ठ्याची. तिच्यात त्या खोट्या नावासमोर खरं नाव, गाव, तो कोणत्या शहरात राबतो, ठेकेदार कोण, त्याचा फोन काय. संशोधनाचा हा नियमच असतो. माणूस ओळखू येता कामा नये. उद्या ठेकेदाराविरुद्ध बोलला म्हणून त्याचं काम जायला नको. नियम चांगला आहे, मला आजही तो वाईट वाटत नाही. विशाखा तर तो इतका काटेकोर पाळायची की गावंही बदलून टाकायची आणि हैदराबादला नुसतं 'दक्षिणेतलं एक शहर' म्हणायची.

माणिक आम्हाला भेटला तो रोवणीच्या दिवसांत. कौसल्याबाईंचा हा एकुलता एक मुलगा, बाप लहानपणीच वारलेला. धानाची रोवणी करायला महिनाभर घरी आला होता, पोटऱ्यांपर्यंत चिखल, आणि बोलायला असा मोकळा की विशाखाला प्रश्न विचारावेच लागेनात. तो हैदराबादला इमारतींच्या कामावर होता. आम्ही बांधतो त्याच मजल्यावर झोपतो, म्हणाला, वरचा स्लॅब टाकून झाला की बिछाना एक मजला वर न्यायचा. "अठराव्या माळ्यावर झोपलो मॅडम मी. बिल्डिंग पुरी झाली का मंग वॉचमन गेटमधूनबी आत नाही जाऊ देत." हे सांगून तो स्वतःच हसला. मग खिशातून ठेकेदाराचं कार्ड काढून त्यानं माझ्या हातात दिलं आणि मी ते हिरव्या वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. जाताना विशाखानं नेहमीप्रमाणे सांगितलं, की आम्ही पुस्तकात तुझं नाव बदलू, काळजी करू नकोस. त्याचा चेहरा पडला. "काहून मॅडम? मी काय चोरी केली का? माझंच नाव राहू द्या ना. किताब में आयेगा तो मायले दाखवीन." विशाखानं त्याला नियम समजावला. तो खांदे उडवून म्हणाला, "तुमची मर्जी." विशाखाच्या पीएचडीच्या थिसिसमध्ये तो रमेश झाला.

थिसिस मंजूर झाली आणि नियमाचा शेवटचा भाग उरला. खऱ्या नावांची यादी नष्ट करायची आणि तसं गाइडला लिहून द्यायचं. तिच्या घरामागे पाणी तापवायची चूल होती. तिथे बसून आम्ही हिरवी वही एकेक पान फाडून जाळली. ती पानं टाकत होती, मी काडीनं राख ढवळत होते. शेवटचं पान जळल्यावर मी म्हटलं, "चला, आता कोणाचा बाप आला तरी यातला एकबी सापडत नाही." विशाखा खूश होती. आपण या माणसांना दिलेला शब्द पाळला, असं तिला मनापासून वाटत होतं. पुढे तिचे लेख आले, मोठ्या शहरांतल्या परिसंवादांना बोलावणी आली, आणि तिथे लोक रमेशचं ते अठराव्या मजल्यावरचं वाक्य एकमेकांना वाचून दाखवायचे. मी एकदा तिच्यासोबत गेले होते. गार हॉलमध्ये सगळे माना डोलवत होते... मला उगाच राग आला होता.

काही वर्षांनी एका सकाळी कॉलेजच्या गेटवर एक बाई 'स्कूटीवाल्या दोन मॅडम' विचारत आली. शिपायानं त्यांना लायब्ररीत आणून बसवलं आणि मी विशाखाला बोलावून घेतलं. कौसल्याबाईंना मी ओळखलंच नाही, इतक्या वाळल्या होत्या. माणिकचा फोन वर्षाहून जास्त बंद होता. पोलीस ठाण्यात गेल्या तर विचारलं, कुठल्या साइटवर होता, कोणाच्या हाताखाली? त्यांना हैदराबाद यापलीकडे काही माहीत नव्हतं. "पण तुमी तं सारं लिहून नेलं होतं ना बाई," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बोट केलं. "त्यानं कारड देल्लं, या बाईनं उतरवून घेतलं. मी पाहून राह्यली होती ना दारातून." विशाखानं त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि यादी जाळल्याचं सरळ सांगितलं. तिनं खोटं बोलावं असं मला त्या क्षणी फार वाटलं. शोधतो, बघतो, काहीही. कौसल्याबाई ओरडल्या नाहीत. पाण्याचा ग्लास त्यांनी बाजूला सारला. मग म्हणाल्या, "आमी कवा म्हटलं होतं बाई, आमचं नाव जाळा म्हणून?"

त्या दिवसानंतर विशाखा पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. ती दोनदा हैदराबादला गेली. माणिकचा फोटो घेऊन मजूर उभे राहतात ते नाके, अर्धवट इमारती, सरकारी दवाखाने, शवागारं, सगळीकडे जाऊन आली. बालाघाट जिल्ह्यातली माणसं तिथे तिला खूप भेटली. एकानं तर फोटो पाहून "हा तर आमच्याच साइटवर होता" म्हटलं, आणि दोन दिवस हिंडल्यावर तो दुसराच कोणी निघाला. इथे मी डोळे मिटून ते कार्ड आठवायचा प्रयत्न करायचे. पिवळं होतं, कोपऱ्यात क्रेनचं चित्र होतं, एवढं दिसायचं. नाव दिसायचं नाही. ज्या हातानं ते नाव लिहिलं तो हात माझाच आहे, आणि तो आता पुस्तकांवर शिक्के मारतो. विशाखानं गाइडना फोन केला, तर ते म्हणाले, तुम्ही नियमानं अगदी बरोबर वागलात, स्वतःला दोष देऊ नका. फोन ठेवून ती मला म्हणाली, "नियमानं बरोबरच होती मी, सुमे. तेच तं." त्यानंतर तिनं एकही मुलाखत घेतली नाही. शिकवायची, घरी यायची. साखर वाढत होती, पाय सुजत होते आणि डॉक्टरकडे चल म्हटलं की अंगावर यायची. मीही भांडायचे. शेवटी शेवटी भांडायचंही सोडलं, ती माझी चूक झाली.

कौसल्याबाई मात्र येत राहिल्या. शोध संपला, पोलिसांकडची फाइल धूळ खात पडली, तरी येत राहिल्या, आणि त्या आल्या की विशाखा कपाटातून थिसिस काढून त्यांना माणिकची चार पानं वाचून दाखवायची. थिसिस हिंदीत आहे, पण माणसांचं बोलणं तिनं जसंच्या तसं ठेवलं होतं. वाचताना रमेश आला की ती तिथे माणिक म्हणायची. मला हा प्रकार बघवत नसे. एकदा चिडून मी म्हटलं, "त्या माउलीले काहून खोटी आस लावून राह्यली तू?" विशाखा शांतपणे म्हणाली, "आस नाही वं. त्याचं बोलणं हाये ते. तेवढंच उरलं, अन् ते माह्याजवळ हाये."

विशाखाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर तिच्या भावानं ती थिसिस माझ्या हातात दिली. दवाखान्यात दीदीनं ही मागवून घेतली होती, म्हणाला. घरी येऊन उघडली. प्रत्येक खोटं नाव तिनं पेनानं खोडलं होतं आणि वर, सलाइन लावलेल्या हाताच्या त्या वेड्यावाकड्या अक्षरात, खरं नाव लिहिलं होतं. शेवटचे पंधरा दिवस ती आठवत होती. कुठे पूर्ण नाव, कुठे नुसतं आडनाव, कुठे 'आंब्याखालचं घर, बहीण मुकी'. कुठे दोन नावं लिहून दोन्ही पुन्हा खोडलेली. मी पान पान उलटत गेले आणि मलाही काही आठवेना... मला फार लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात कौसल्याबाई आल्या. विशाखाच्या घराला कुलूप पाहून त्या लायब्ररीत आल्या होत्या. मी सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "तुमी वाचता का?" मी पिशवीतून थिसिस काढून वाचायला लागले. विशाखासारखं मला वाचता येत नाही, पण जिथे रमेश खोडून माणिक लिहिलं होतं तिथे माणिक वाचलं. अठरावा माळा झाला, वॉचमन झाला, चार पानं संपली. मी पुस्तक मिटायला लागले तर त्यांनी हातानं थांबवलं.

"पुढं?"

"पुढं दुसऱ्या पोराचं हाये, मावशी."

"मंग त्याचंबी वाचा. त्याच्या मायले तं हे मालूमबी नसन का तो इथं हाये." त्या खुर्चीत सावरून बसल्या. "नाव काय त्याचं?"

विशाखानं खोटं नाव खोडलं होतं. वर फक्त प्रश्नचिन्ह होतं, दोनदा गिरवलेलं.

"आठवत नाही, मावशी," मी म्हटलं, आणि त्या पोराचं बोलणं वाचायला लागले.