चालंल का पाणी?

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातला नाही. आमचं धम्म घेतलेलं घर. देव्हारा नाही, अंगारा नाही, भूतखेत तर नाहीच. या धाग्यावरचे बाकीच्यांचे अनुभव वाचून मी कैकदा हसलोय, एक-दोनदा खवचट प्रतिसादही दिलेत. ज्यांना दिले त्यांनी आज उट्टं काढावं...

आमचं गाव जिंतूर तालुक्यातलं. नामांतराच्या दंगलीत आमचं घर जाळलं. मायनं दारातल्या रांजणातलं पाणी ओतून आग विझवायला पाहिलं, त्यात तिचा उजवा हात भाजला. हाताला जोर राहिला नाही आणि घर तर गेलंच. मग आम्ही मायलेकरं परभणीला आलो. मला ट्रेसरची नोकरी लागली — सरकारी कचेरीत नकाशे उतरवून काढायचं काम. अख्ख्या जिल्ह्याचे नकाशे माझ्या हाताखालून जायचे, पण राहायला खोली मिळेना. आडनाव सांगितलं की ती नेमकी कालच कुणाला तरी दिलेली असायची.

मायची एक सवय होती. दारात कुणीही येवो — तलाठी, मास्तर, रस्ता चुकलेला — ती गूळ-पाणी घेऊन यायची आणि आधीच विचारायची, "चालंल का पाणी?" आमच्या हातचं चालेल का, असा त्याचा अर्थ. बहुतेकांना तेव्हाच तहान नसायची. ती तांब्या परत आत न्यायची. मला भयंकर राग यायचा.

"कशाला इचारतीस गं सगळ्यायला?"

"इचारावं बाबा. कुणी तरी पिईल की."

पुढे पिंगळीच्या रस्त्याला, वस्ती संपते त्याच्याही पलीकडे एक प्लॉट घेतला. काळं रान, हद्दीचे दगड आणि एक बाभूळ. मायला दाखवायला नेलं तर ती सरळ चालत जाऊन एका जागी उभी राहिली. "हितं दार. दाराच्या डाव्या अंगाला रांजण." घर बघायला मात्र ती राहिली नाही. त्याच थंडीत गेली.

उन्हाळ्यात घर बांधायच्या कर्जासाठी अर्ज केला. अडलं ते इथे, की मी परगावचा. कर्जाच्या चौकशीचे साहेब जागेवर येणार, आणि हा माणूस ओळखीचा आहे, इथेच टिकणारा आहे, असं तिथल्या कुणीतरी त्यांना सांगायचं, ही अट. शेजारच्या शेतवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुमची-आमची वळख कुठं हाय?" त्याचंही खरंच होतं. पण कर्ज नाही मिळालं तर मायनं दाखवलेलं दार तिच्या बोटापुरतंच राहणार होतं.

पाहणीच्या दिवशी ऐन दुपारी निघालो आणि वाटेत सायकल पंक्चर. ढकलत, घामाघूम होऊन पोचलो तर साहेब परत निघालेले. स्कूटरजवळ उभे राहून रुमालाने तोंड पुसत होते. आटोपलं सगळं, असं वाटलं.

"साहेब, माफ करा, उशीर—"

"अहो, झालं काम. आईंनी सांगितलं सगळं."

"कुणाच्या?"

"तुमच्या! बाभळीखाली बसल्या होत्या की. म्हणाल्या, 'लेकरू हितंच ऱ्हाईल साहेब, आता कुठं जायचं न्हाई आमाला.' आणखी काय पाहिजे चौकशीला?" मग हसले. "पाणी लय गार हो तुमचं! आणि वर विचारतात, चालंल का? म्हटलं मावशी, उन्हानं जीव चाललाय, न चालायला काय झालं? तांब्या रिकामा केला, पुन्हा मागून घेतलं. डाव्या हातानं दिलं म्हणून त्यांनाच वाईट वाटलं. उजव्यात जोर न्हाई म्हणाल्या."

मी बाभळीकडे पाहिलं. कुणी नव्हतं. सपाट, मोकळं रान, लपायला जागाच नव्हती. माय थंडीतच गेली, हे साहेबांना सांगितलं नाही. कर्जासाठी म्हणा हवं तर...

ते गेल्यावर जाऊन बघितलं. मायनं दार दाखवलं होतं, त्याच्या डाव्या अंगाला भेगाळलेली माती ओली होती. तिथेच बसून मी लहान पोरासारखा रडलो.

नंतर आसपास सगळीकडे विचारून झालं. हात अधू असलेली म्हातारी कुणाच्याच माहितीत नव्हती. साहेबांनी मायला कधी पाहिलेलं नव्हतं, आणि तिच्या हाताबद्दल मी त्यांना कशाला सांगेन?

कर्ज मिळालं, घर झालं. दाराच्या डाव्या अंगाला रांजण आहे आणि येणाऱ्याला आम्ही न विचारता पाणी देतो. त्या दुपारी उन्हामुळे भास झाला असेल, असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. पण मग तो साहेबांनाच का झाला? जन्मभर विचारत राहिली बिचारी, आणि शेवटी एक अनोळखी माणूस तिच्या हातचं पाणी मागून मागून पिला. ते बघायला मी तिथे नव्हतो.

जरा थांबली असतीस तर काय झालं असतं गं माय? मीही उन्हातूनच आलो होतो... मलाही तहान लागली होती.